सवाल-जवाब : कोलोरॅडोची शिकार, मोहोळची रानडुकरं आणि तोळाभर गोळी

मागच्या अंकात रायफलच्या नळीची निगा कशी राखायची ते लिहिलं होतं. त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. पत्रांचा सगळा गठ्ठा आला तो गोळ्यांवर. कुणाला अचूक गोळी हवी, कुणाला लांब जाणारी, एका गृहस्थांना तर 'एका दणक्यात आडवं करणारी' हवी आहे. त्यातली निवडक पत्रं घेतो. नावं छापत नाही, कारण बऱ्याच जणांनी कुणी न विचारता परवान्याचा नंबरसुद्धा लिहून पाठवलाय.

प्रश्न : सुभेदारसाहेब, नमस्कार. माझा पुतण्या अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला नोकरीला आहे. तिथल्या मित्रांच्या नादानं त्यानं एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीचं लायसन काढलंय आणि .308 बोअरची रायफल घेतलीय. परवा फोनवर म्हणाला, "काका, स्पर्धेत वापरतात ती मॅच गोळी सगळ्यात अचूक असते. तीच घेतो, सहाशे यार्डांवरून काम होईल." आमच्या घरात बंदुकीतलं कुणाला काही कळत नाही. मी म्हटलं, थांब, आमच्या इथल्या साहेबांना विचारतो. त्यानं कुठली गोळी घ्यावी?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी माझं सांगतो. मी एल्क मारलेला नाही आणि मारायची हौसही नाही. माझी नोकरी पलटणीच्या कोतमध्ये गेली, म्हणजे शस्त्रागारात. हत्यारं खोलायची, जोडायची, झिरो करायची (म्हणजे ठरल्या अंतरावर नेम आणि गोळी एका जागी आणायची), आणि कुठल्या रायफलीला कुठल्या लॉटचा, म्हणजे कारखान्यातल्या कुठल्या खेपेचा, दारूगोळा मानवतो ते बघत बसायचं. तेव्हा गोळीबद्दल सांगतो. जनावराबद्दल तिथल्या जाणत्या शिकाऱ्याला विचारू दे.

पुतण्याचं निम्मं बरोबर आहे. मॅच गोळी अचूक असते, यात वाद नाही. पण ती कागदासाठी बनवलेली असते. कागदाला भोक पडलं की तिचं काम संपलं. शिकारीच्या गोळीचं काम तिथून सुरू होतं. तिनं आत गेल्यावर फुलायचं, म्हणजे छत्रीसारखं पसरायचं असतं, वजन टिकवायचं असतं, आणि हाड आडवं आलं तरी फुप्फुसापर्यंत पोचायचं असतं. मॅच गोळी कधी सुईसारखी आरपार जाते, कधी कातडीखालीच फुटून तिचा चुरा होतो. या वेळी काय करील ते आधी सांगता येत नाही. सिएरा ही अमेरिकेतली नावाजलेली कंपनी. त्यांची 'मॅचकिंग' गोळी जगभरच्या रेंजवर चालते, पण ती शिकारीला वापरू नका असं कंपनी स्वतःच सांगते. बनवणाराच नको म्हणतोय, तिथं वाद कशाला घालायचा?

शिवाय कोलोरॅडोत हा कायद्याचाही प्रश्न आहे. तिथं मोठ्या जनावरांसाठी फुलणारी गोळीच लागते. एल्कसाठी गोळीचं वजन किमान 85 ग्रेन (ग्रेन हे वजनाचं माप, पुढं सांगतो), नळीचा व्यास किमान .24 इंच, आणि 100 यार्डांवर गोळीचा जोर किमान 1,000 फूट-पौंड. .308 यात आरामात बसते. अंगावर भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा 500 चौरस इंच तरी लागतो, टोपीसकट. पोरगं वर्क व्हिसावर असेल तर आणखी एक गोष्ट बघायला सांगा. तिथल्या केंद्रीय कायद्यानं अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणजे परवान्याची तारीख उलटली की घरातली रायफलच गुन्हा ठरू शकते. हे वकिलाकडून नीट समजून घेतल्याशिवाय पुढं जाऊ नये.

आता सहाशे यार्डांचं बघू. .308ची 168 ग्रेनची गोळी नळीतून निघते तेव्हा वेग सेकंदाला 2,650 फुटांच्या आसपास. 500 यार्डांवर तो 1,800च्या घरात येतो. हे आकडे समुद्रसपाटीचे. बऱ्याच फुलणाऱ्या गोळ्यांना नीट फुलायला 1,800 फुटांचा वेग लागतो. काही नव्या बनावटीच्या 1,600लाही फुलतात. हा आकडा कंपनी देते, खोक्यावर नाहीतर माहितीपत्रकात. त्याच्या खाली वेग गेला की तुमची महागाची शिकारी गोळी म्हणजे नुसती टोकदार सळई. म्हणून गोळी कुठवर मारायची याची पहिली हद्द हा वेग ठरवतो. लोक आधी अंतर ठरवतात आणि मग गोळी शोधतात. माझ्या मते ते उलटं करायला हवं.

दुसरी हद्द वाऱ्याची. ताशी 10 मैलांचा आडवा वारा, म्हणजे सिद्धेश्वर तलावाच्या काठावर संध्याकाळी टोपी सांभाळावी लागते तेवढाच, हीच गोळी 500 यार्डांवर सुमारे 20 इंच बाजूला नेतो. एल्कच्या छातीतली मर्माची जागा फूट-सव्वा फुटाची. वाऱ्याच्या अंदाजात निम्मा घोटाळा झाला तरी गोळी पोटात जाते, आणि पोटात गोळी बसलेलं जनावर मैलोन् मैल पळून कुठल्या तरी ओहोळात दोन दिवसांनी मरतं. खालची पडही बघा. 100 यार्डांवर झिरो केलेली रायफल 500वर सुमारे पाच फूट खाली मारते, आणि पुढच्या शंभर यार्डांतच आणखी तीन-साडेतीन फूट. तेव्हा लेझरनं अंतर मोजल्याशिवाय घोड्याला बोट लावायचं नाही. आणि गोळी तिथं पोचायला पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ घेते. तेवढ्यात जनावर एक पाऊल पुढं टाकू शकतं. त्याला कुठल्याच कंपनीकडं इलाज नाही.

माझ्या मते पहिल्या मोसमात त्यानं 300 यार्डांच्या पुढं बघूच नये. आधी जवळ जायला शिकावं. सहाशेची भाषा करणाऱ्या बहुतेकांनी सहाशेवर कागदसुद्धा नीट मारलेला नसतो. पलटणीतही नवी पोरं पहिल्या आठवड्यात हीच भाषा करायची.

मग गोळी कुठली? शिकारी गोळ्यांच्या तीन-चार जाती आहेत. साधी, मऊ शिशाच्या टोकाची, ही जुनी आणि स्वस्त. दोन-अडीचशे यार्डांत अजूनही उत्तम. दुसरी, आत आडवी भिंत असलेली. हिची कथा अशी की, 1946 साली जॉन नोस्लर नावाच्या शिकाऱ्याच्या गोळ्या कॅनडातल्या एका चिखलानं माखलेल्या मूसच्या, म्हणजे एल्कहूनही मोठ्या हरणाच्या, कातडीवरच फुटून गेल्या. चिडून त्यानं गोळीच्या पोटात तांब्याची भिंत घातली. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत घुसतो. 1948पासून त्याची कंपनीच झाली. तिसरी बाँडेड, म्हणजे आतलं शिसं वरच्या तांब्याच्या कवचाला जोडून एकजीव केलेलं. चौथी सगळी तांब्याची. एल्कसारख्या थोराड जनावरासाठी, आपल्या सांबरापेक्षाही मोठं आहे ते, मी बाँडेड 165 किंवा 180 ग्रेन घ्या म्हणेन. लांबवर तिचा वेग बऱ्यापैकी टिकतो, आणि जवळून खांद्याच्या हाडावर बसली तरी चुरा होत नाही.

मांस घरी खाणार असतील तर तांब्याची गोळी जरूर बघावी. शिशाची गोळी फुटली की तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात जातात. एक्स-रे काढला तर चांदण्यासारखे दिसतात. कॅलिफोर्नियात कॉन्डॉर गिधाडं असलं उरलंसुरलं खाऊन मरायला लागली. तिथं 1 जुलै 2019पासून शिकारीत शिसं पूर्ण बंद आहे. तांब्याची एकच अडचण. शिशापेक्षा तांबं हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला नळीत जास्त पीळ (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या चऱ्यांचा) लागतो. 1879 साली ग्रीनहिल नावाच्या इंग्रज गणितज्ञानं याचं सूत्र काढलं, ते ढोबळ अंदाजाला आजही चालतं. व्यासाचा वर्ग गुणिले 150, भागिले गोळीची लांबी, सगळं इंचात. .308 व्यासाची, 1.2 इंच लांबीची गोळी घेतली तर उत्तर 12च्या जरा खाली येतं. म्हणजे सुमारे 12 इंचांत एक फेरा. नळी तेवढी किंवा त्याहून घट्ट पिळाची हवी. पुतण्याची नळी 10 इंचांत एक फेरा देणारी असेल तर काळजीचं कारण नाही. 12ची असेल तर लांब तांब्याच्या गोळीला ती अपुरी पडेल. बऱ्याचदा नळीवरच कोरलेलं असतं, बघून घ्यायला सांगा.

खोक्यावर 'बी.सी.' म्हणून एक आकडा असतो. हवा कापत जायची गोळीची ताकद म्हणा. जास्त तितकं बरं. पण तो दोन मापांत छापतात, जी-वन आणि जी-सेव्हन. जी-वनचा आकडा जवळपास दुप्पट दिसतो, म्हणून कंपन्या तोच मोठ्या अक्षरांत छापतात. एका खोक्यावरचा जी-वन आणि दुसऱ्यावरचा जी-सेव्हन समोरासमोर ठेवून निकाल लावू नये. आणि हा आकडासुद्धा दगडावरची रेघ नाही. 2015मध्ये हॉर्नडी कंपनीनं सांगितलं की डॉप्लर रडारवर (उडत्या गोळीचा वेग मोजणारं यंत्र) मोजताना त्यांना दिसलं, जुन्या प्लॅस्टिकच्या टोकाच्या गोळ्या उडताउडता तापतात, टोक बिघडतं आणि बी.सी. घसरतो. मग त्यांनी उष्णता सोसणारं टोक काढलं. तोवर सगळे जुन्याच आकड्यांवर, कुठल्या अंतरावर गोळी किती पडते त्याचे, तक्ते करत होते.

हे झालं कागदावरचं. खरी निवड रायफल करते. त्यानं तीन वेगवेगळ्या गोळ्यांचं एकेक खोकं घ्यावं आणि 100 यार्डांवर, पुढं टेकू देऊन, प्रत्येकीचे पाच-पाच राउंडचे, म्हणजे काडतुसांचे, दोन-तीन ग्रुप काढावेत. ग्रुप म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा झुबका. तीन राउंडच्या ग्रुपवर भरवसा ठेवू नये. तीन गोळ्या नशिबानंही एका भोकात जातात, आणि मग माणूस तो कागद पाकिटात घालून वर्षभर दाखवत हिंडतो. मधे नळी थंड होऊ द्यावी. एक मुद्दाम सांगतो. शिकारीत पहिलाच राउंड कामाचा, तोही थंड नळीतून. म्हणून पहाटे गाडीतून उतरून मारलेला पहिला राउंड कुठं बसला याची वेगळी नोंद ठेवावी. पहिला राउंड दर वेळी इंचभर बाजूला जात असेल तर पुढचा सुंदर ग्रुप त्याच्या उपयोगाचा नाही.

एकाच खोक्यातल्या गोळ्यांत फरक कसा पडतो, तेही दाखवतो. कोतमध्ये आमच्याकडे खिडकीपाशी जाड काचेची एक पट्टी होती. तिच्यावर काडतूस आडवं ठेवून बोटानं हलकेच लोटायचं आणि टोकाकडं बघायचं. चांगलं काडतूस सरळ लोळतं, टोक एका जागी गुमान फिरतं. वाईटाचं टोक वर-खाली नाचतं. गोळी पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळकांडीत) तिरकी बसलेली असते किंवा कवच एका बाजूला जाड असतं. अशी गोळी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत निघाली की काय होणार? आपल्याकडे मागावर काम केलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, एकीकडं जास्त सूत गुंडाळलेली बॉबीन वेगात कशी थरथरते ते त्यानं बघितलेलं असतं. आणि लोक टोकाला फार जपतात, पण टोकाला जरा ठेच लागली तरी सहसा फार बिघडत नाही. बुडाला ठेच लागली की संपलं. नळीच्या तोंडातून बाहेर पडताना मागचा गॅस बुडावर सगळीकडून सारखा सुटायला हवा. बूड एका बाजूला चेपलेलं असेल तर गॅस तिथून आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. गोळ्या तपासताना आधी बूड बघा, मग टोक.

शेवटचं, उंचीचं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. तिकडं एल्कच्या डोंगरात अडीच-तीन हजार मीटर सहज होतात. हवा पाव हिश्शानं विरळ. गोळीला अडथळा कमी, वेग जास्त टिकतो, पड कमी होते. डेन्व्हरच्या रेंजवर बनवलेला तक्ता वर डोंगरात जसाच्या तसा लागू पडणार नाही. वर गेल्यावर पुन्हा तपासावा.

आणि काका म्हणून तुम्ही एक बजावा. येताना आठवण म्हणून एकसुद्धा राउंड बॅगेत टाकून आणू नकोस म्हणावं. विमानतळावर एक जिवंत काडतूस सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि मग वकिलाचा खर्च रायफलीहून जास्त येतो.

प्रश्न : मी सराफ आहे. तुमच्या लेखात '180 ग्रेनची गोळी' असं वाचलं. ग्रेन म्हणजे आत भरलेली दारू का?
— नवी पेठ, सोलापूर

उत्तर : नाही. हा गैरसमज बंदूकवाल्यांतही आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत जे ग्रेन लिहिलेले असतात ते गोळीचं वजन. दारू वेगळी. .308मध्ये ती चाळीस-पंचेचाळीस ग्रेनच्या घरात असते. 7,000 ग्रेनचा एक पौंड, साडेपंधरा ग्रेन गेले की एक ग्रॅम. पण तुम्हाला ग्रॅम कशाला सांगू? इंग्रजांनी 1833 साली तोळा पक्का केला तो 180 ग्रेनचाच, म्हणजे 11.66 ग्रॅम. चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा. तेव्हा 180 ग्रेनची नुसती गोळी, पुंगळी आणि दारूशिवाय, तुमच्या काट्यावर ठेवलीत तर बरोबर एक तोळा भरेल. दहा ग्रॅमचा नवा तोळा नव्हे, आजीच्या काळातला. तुमचा काटा एका खोक्यातल्या गोळ्यांमधला फरकही दाखवील. चांगल्या कंपनीच्या गोळ्या अर्ध्या ग्रेनच्या आत राहतात.

प्रश्न : रामराम साहेब. मोहोळ तालुक्यात माझी सात एकर जमीन आहे. मका आणि भुईमुगात रानडुकरं शिरतात, एका रात्रीत अर्धा एकर उलथापालथ करतात. आजोबांची .315ची रायफल आहे, परवाना माझ्या नावावर झालाय. शेताच्या बांधावरनं पार पलीकडच्या ओढ्यापर्यंत, म्हणजे चारशे मीटर तरी, नेमकी जाईल अशी गोळी कुठली मिळते?
— एक शेतकरी

उत्तर : दादा, तुमचं नुकसान मला कळतं. माझाही मंगळवेढ्याकडं ज्वारीचा तुकडा आहे. पण आधी गोळी बाजूला ठेवा.

परवाना रायफल बाळगायचा आहे, जनावर मारायचा नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानडुक्कर येतं. 2022च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या अशा जनावराला मारायची परवानगी वन खात्याचा अधिकृत अधिकारी लेखी आणि कारण देऊन देऊ शकतो. त्या कागदाशिवाय घोडा ओढलात तर शेतकरी म्हणून नव्हे, शिकारी म्हणून तुमच्यावर केस होईल, आणि आजोबांची रायफल जप्त होईल ती वेगळीच. तेव्हा वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या, आणि सोबत नुकसानभरपाईचा अर्जही लगेच द्या, पंचनामा होईपर्यंत उलथलेलं रान तसंच ठेवा. काळवीट शेतात आलं तर मात्र पिकासाठीसुद्धा अशी परवानगी नाही. ते पहिल्या अनुसूचीत आहे. आपल्याकडं नान्नजला माळढोकासाठी 1979मध्ये अभयारण्य झालं, त्याच माळावर काळवीट आणि लांडगेही आहेत. ती जनावरं हद्दीची पाटी वाचून चालत नाहीत.

आता .315 बद्दल. ही रायफल आपल्या सरकारी कारखान्यानं काढली, कारण .303 ही फौजेची म्हणून साध्या नागरिकाला निषिद्ध. तिची गोळी 244 ग्रेनची, जाड, मऊ टोकाची, वेग सेकंदाला दोन हजार फुटांच्या आसपास. तुमच्या रायफलीवर दुर्बीण नसणार, उघडी मक्खी, म्हणजे नळीच्या टोकाची नेम धरायची खूण असणार. चारशे मीटरवर मक्खीनंच डुक्कर झाकलं जाईल. या रायफलीची खरी हद्द शंभर मीटर, फार तर दीडशे. लांब जाणारी गोळी बाजारात शोधू नका, तुमच्या रायफलीसाठी ती नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. तुमच्या ओढ्याच्या पलीकडं काय आहे? वस्ती? दुसऱ्याची विहीर, तिथं रात्रीचं पाणी द्यायला आलेला माणूस? रायफलची गोळी चुकली तर तीन-तीन किलोमीटर जाते. आपलं रान सपाट, खाली मुरूम आणि काळा दगड. गोळी दगडावर आपटून कुठं उडेल सांगता येत नाही. परवानगी मिळाली तरी उंच मचाणावरून, खाली तोंड करून, गोळी मातीतच शिरेल अशाच बाजूला मारायची, नाहीतर मारायची नाही.

कुंपणात वीज सोडायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की दिला असेल. सोडू नका. थेट लाइनवरून करंट सोडलेल्या तारेला माणसं चिकटून मेलीत. सौर कुंपण वेगळं, त्यात झटका बसतो, जीव जात नाही. त्याच्या अनुदानाबद्दल त्याच कार्यालयात विचारा.

प्रश्न : आम्ही मित्र सुट्टीला गावी जातो तेव्हा रात्री जीपला सर्चलाइट लावून सशे मारतो. एअरगननं जमत नाही. परवाना न लागणारी जोरदार एअरगन कुठली?
— 'हौशी', सोलापूर

उत्तर : ससाही त्याच कायद्यात येतो. .177 बोअरची, 20 जूलपर्यंत जोराची एअर रायफल परवान्याशिवाय मिळते ती कागदावर नेम धरायला. पुढचं उत्तर तुम्हाला वनरक्षक देईल.

प्रश्न : सर, मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. 1899च्या हेग परिषदेत फुलणाऱ्या गोळ्यांवर युद्धात बंदी आली असं अभ्यासात आहे. मग शिकारीत त्या चालतात कशा?
— अक्कलकोट

उत्तर : प्रश्न आवडला. बंदी युद्धापुरती आहे. 1890च्या दशकात सरहद्दीवर लढणाऱ्या इंग्रज फौजेची तक्रार होती की नवी .303ची गोळी आरपार जाते आणि समोरचा धावतच येतो. मग कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात गोळीचं टोक कवचाबाहेर उघडं ठेवलं, ती आत जाऊन पसरायला लागली. 'डमडम' नाव तिथलं. हेगच्या परिषदेत त्यावर बंदी आली. विचार असा की जखमी सैनिक लढाईतून बाद झाला की पुरे, त्याचं शरीर आणखी फाडायचं कारण नाही. जनावराच्या बाबतीत उलटं. ते जखमी होऊन पळालं तर हाल हाल होऊन मरतं, म्हणून गोळी अशी हवी की ते जागेवर पडावं. त्यामुळंच कोलोरॅडोसारख्या ठिकाणी फुलणारी गोळी सक्तीची.

वर पुतण्याला दिलेल्या उत्तराला एक पुरवणी इथंच. मॅच गोळीच्या टोकाला बारीक भोक असतं. ते बघून लोक तिला फुलणारी समजतात. ते भोक फुलण्यासाठी नसतं. तिचं कवच बुडाकडून टोकाकडं ओढत आणतात, म्हणजे बूड एकदम नेटकं येतं, आणि वर कवच मिटतं तिथं भोक उरतं. बुडाचं महत्त्व मघाशी सांगितलंच.

प्रश्न : सर, मी अकरावीत आहे. .22 प्रोन, म्हणजे पालथं झोपून, मारते. एकाच कंपनीची, एकाच नावाची दोन खोकी होती. पहिल्यातून ग्रुप छान आला, दुसऱ्यातून सगळा विस्कटला. कोच म्हणतात तुझाच श्वास चुकतोय. बाबा म्हणतात आता आणखी महागाची गोळी आणू या. काय करू?
— होटगी रोड

उत्तर : बाळ, दोन्ही खोक्यांवरचा लॉट नंबर बघ. माझी खात्री आहे, वेगळा असेल. .22मध्ये आपल्याला दारू-गोळी बदलून बघता येत नाही, कारखान्यातून येईल तेच मारायचं. आणि एकाच मशीनवर, त्याच नावानं, दुसऱ्या दिवशी निघालेला माल तुझ्या नळीला वेगळा लागू शकतो. म्हणूनच मोठे खेळाडू गोळीचं नाव विचारत नाहीत, लॉट विचारतात. बर्मिंगहॅमच्या इलीकडं आणि जर्मनीतल्या लापुआच्या रेंजवर रायफल घेऊन जातात, नळी शिकंजात पकडून लॉटमागून लॉट मारून बघतात आणि जमलेला लॉट पेट्यांनी उचलतात. 50 मीटरवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं. त्यात गोळ्यांच्या वेगातला थोडासा फरकही दिसतो. 2010ला म्युनिकमध्ये प्रोनचं विश्वविजेतेपद मिळवणारी आपली तेजस्विनी सावंत काय, 2024ला पॅरिसमध्ये कांस्य आणणारा राधानगरीकडचा स्वप्निल कुसाळे काय, या पातळीवर दारूगोळ्याची निवड हा सरावाचाच भाग असतो.

तुला जर्मनीला जायची गरज नाही. बाबांना म्हणावं, महाग गोळी नको, आधी तीच गोळी तीन वेगवेगळ्या लॉटची थोडी थोडी आणा. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकव, म्हणजे श्वासाचा वाद मिटतो. प्रत्येक लॉटचे दहा-दहा राउंड मार. लॉट बदललास की पहिले दहाएक राउंड मोजू नकोस, आधीच्या मेणाचा लेप नळीत असतो, तो बदलायला तेवढे लागतात. वाऱ्याची झुळूक असेल त्या दिवशी हे करू नकोस. मे महिन्यात दुपारीही नको. सोलापूरच्या 43 अंशांत टेबलावर उन्हात ठेवलेला डबा आणि सावलीतला डबा वेगळे मारतात. कोचांनाही खोटं पाडायची घाई करू नकोस. वाळूच्या पिशवीवरही ग्रुप विस्कटला तर लॉट, नाही विस्कटला तर श्वास. आणि खोक्याचं झाकण फेकू नकोस, लॉट नंबर त्यावरच असतो. जमलेला लॉट सापडला की त्याच दिवशी दुकानदाराला फोन करून उरलेली खोकी बाजूला काढायला सांग. आठवड्यानं गेलीस तर संपलेली असतील. परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घेता येतात तो आकडा मात्र आधी बघा.

पुढच्या अंकासाठी दुर्बीण आणि झिरोइंगचे प्रश्न पाठवा. रायफलचा नेमका प्रकार, नळीची लांबी आणि गोळीचं वजन जरूर लिहा. परवान्याची झेरॉक्स जोडू नका.